स्ट्रासबर्ग : चारदा देश बदललेलं शहर

स्ट्रासबर्गला ट्राममध्ये बसले आणि थोड्याच वेळात ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलला उतरले. तेव्हापासून स्ट्रासबर्ग डोक्यातून जात नाही, म्हणून ही पोस्ट.

1871 मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे, 1918 मध्ये परत फ्रान्सकडे, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीकडे, 1944 मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. एकाच आयुष्यात हे सगळं पाहिलेली माणसं इथे होती!

रिपब्लिक चौकातलं 1936 चं युद्धस्मारक जरूर बघा. आईने दोन मरणासन्न मुलांना सावरलंय. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. पहिल्या महायुद्धात इथले बहुतेक तरुण जर्मन सैन्यातून लढले होते. मग फ्रेंच गणवेश कसा चढवणार?

1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या वेढ्यात तोफांच्या माऱ्याने इथलं ग्रंथालय जळालं. बाराव्या शतकातलं ‘होर्तुस डेलिसियारुम’ हे सचित्र हस्तलिखितही गेलं. मला ही हानी सगळ्यात जास्त सलते.

ज्ञानाची परंपरा मात्र तुटली नाही. त्याआधी मुद्रक गुटेनबर्ग इथे राहिला होता, कवी गटे इथे कायदा शिकला होता. नंतर इतिहासकार मार्क ब्लॉक आणि ल्यूसियाँ फेव्र इथेच शिकवत असताना त्यांनी 1929 मध्ये ‘आनाल’ नियतकालिक काढलं आणि इतिहासलेखनाची दिशाच बदलली.

आज युरोपीय संसद आणि मानवाधिकार न्यायालय दोन्ही इथेच आहेत.