काचेवरची सही : आधी ओरखडा की आधी अक्षर?

मुळशी तालुक्यात पौड येथे शिक्षकांसाठी भरलेल्या एका शिबिरात आम्ही भिंगाचे प्रयोग दाखवीत होतो. आमचे नेहमीचे काम खडकांचे. पण भिंग काय, खडकावरही चालते आणि काचेवरही. दुपारच्या सुट्टीत एक शिक्षिका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आल्या. आत काचेची फुलदाणी होती. रुमाल मध्यभागी धरून उलटा करावा आणि त्याची टोके वर उभी राहावीत, तसा तिचा आकार. अंगात पांढऱ्या बारीक रेघा. तळावर रोमन लिपीत कोरले होते : ‘वेनिनी इटालिया’.

बाईंच्या वर्गातील एका मुलीचे वडील धरणाकाठच्या एका बंगल्यावर राखणदार होते. मालक बंगला विकून जाणार होते. राखणदाराचा चार महिन्यांचा पगार थकला होता. त्याऐवजी ही फुलदाणी घ्या, इटलीची आहे, खाली सही आहे, पगाराच्या चौपट पैसे येतील, असे त्यांना सांगण्यात आले होते. “सही खरी आहे का, एवढेच सांगा,” बाई म्हणाल्या.

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात दोन प्रश्न आहेत. ही वस्तू कोणी केली? आणि ही अक्षरे केव्हा कोरली? आधी पहिला प्रश्न पाहू या.

इटलीतील व्हेनिस शहराने आगीच्या भीतीने १२९१ साली काचेच्या भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलविल्या. तेव्हापासून मुरानो आणि कलाकुसरीची काच हे समीकरण झाले. तेथे १९२१ साली वेनिनी यांचा कारखाना निघाला. रुमालाच्या आकाराची फुलदाणी त्यांनी १९४८-४९च्या सुमारास केली. ती इतकी गाजली की अनेकांनी तिच्या नकला केल्या. म्हणजे नुसत्या आकारावरून कर्ता ठरत नाही. मुरानोच्या बहुतेक काचेवर सही नसतेच. कागदी चिठ्ठी असते, आणि ती धुण्यात निघून जाते. उलट, एका वस्तूची चिठ्ठी दुसऱ्या वस्तूला चिकटविणेही कठीण नाही.

मग काच स्वतः काही सांगते का? थोडेसे सांगते. शिबिरातल्या स्वयंपाकघरातून आम्ही वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. फुलदाणीचे वजन भरले ६२० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि फुलदाणी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, अशी धरली. आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. काट्याने २४६ ग्रॅम दाखविले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार फुलदाणीचे आकारमान २४६ घनसेंटिमीटर, म्हणून घनता सुमारे २.५. शिसे घातलेल्या ‘क्रिस्टल’ काचेची घनता ३च्या आसपास असते. तेव्हा ही साधी सोडा-चुन्याची काच. मुरानोची काच बहुतांशी याच जातीची. पण खिडकीची, बाटलीची आणि फिरोजाबादच्या बांगडीची काचही याच जातीची! घनता काही शक्यता बाद करते, कर्त्याचे नाव सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न, सहीचा. काचेवर नाव तीन तऱ्हांनी येते.

पहिली तऱ्हा साच्याची. साच्यात अक्षरे कोरलेली असतात आणि वितळलेली काच ती घेऊन थंड होते. गोटी सोड्याच्या जुन्या बाटलीवर बोट फिरवून पहा. अक्षरे उठावाची लागतात. ही अक्षरे काचेबरोबरच जन्मतात, मागाहून घालता येत नाहीत. पण येथेही सावध राहावे. बाटलीवरचे नाव बहुधा सोडा विकणाऱ्याचे असते, काच करणाऱ्याचे असेलच असे नाही.

दुसरी तऱ्हा आम्लाची. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचेतील सिलिकाशी संयोग पावते आणि तेवढा पृष्ठभाग खरबरीत होतो. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून अक्षरे दुधी दिसतात. वेनिनीची जुनी सही अशी तीन ओळींच्या शिक्क्याची असे. (हे आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करते. शाळेत त्याला जागा नाही.)

तिसरी तऱ्हा टोकाने कोरण्याची. काचेची कठिणता मोजच्या मापावर साडेपाचच्या आसपास, हिऱ्याची १०. हिऱ्याच्या टोकाने काचेवर सहज लिहिता येते. वेनिनीने पुढच्या काळात अशाही सह्या केल्या. तेव्हा कोरीव सही म्हणजे खोटी सही, असे नाही. अडचण अशी की हिरकणी कोणाच्याही हातात येऊ शकते, आणि फुलदाणी तयार झाल्यावर पन्नास वर्षांनीसुद्धा.

येथे आम्हांला आमच्या खडकांची आठवण झाली. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. काही ठिकाणी या थरांना चिरत दुसऱ्या खडकाची उभी भिंत वर गेलेली दिसते. तिला डाइक म्हणतात. थर आधीचा की भिंत आधीची? जी चिरते ती नंतरची. जे नव्हतेच, ते चिरणार कसे? वय मोजण्याचे कोणतेही यंत्र न वापरता क्रम ठरतो.

फुलदाणीच्या तळाला हाच नियम लावता येतो. वस्तू फळीवर सरकते, उचलली जाते, ठेवली जाते. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. त्यांची कठिणता ७, म्हणजे काचेहून जास्त. वर्षानुवर्षे तळावर सगळ्या दिशांचे बारीक ओरखडे साठतात. सही पहिल्या दिवसापासून असेल, तर काही ओरखडे अक्षरांच्या कडा मोडून पलीकडे गेलेले दिसतील आणि कडा झिजलेल्या असतील. सही मागाहून केली असेल, तर अक्षराची चर जुन्या ओरखड्यांना तोडून जाईल आणि तिच्या कडा ताज्या, टवके उडालेल्या दिसतील.

आम्ही तळावर विजेरीचा उजेड तिरपा टाकला आणि दहापट भिंगातून पाहिले. तळ चांगलाच ओरखडलेला होता. पण एकही ओरखडा अक्षरांवरून गेलेला नव्हता. प्रत्येक अक्षर ओरखड्यांना चिरून गेले होते. बाईंनी स्वतः पाहिले, मग त्या मुलीने पाहिले.

यावरून काय म्हणता येते? सही फुलदाणीइतकी जुनी नाही, एवढेच. फुलदाणी इटलीची नाही, असे सिद्ध झाले नाही. मालकांनी फसविले, असेही नाही. कदाचित त्यांनाही कोणी अशीच विकली असेल. पण ज्या पुराव्यावर चार महिन्यांचा पगार तोलला जात होता, तो पुरावा उरला नव्हता. राखणदारांनी फुलदाणी परत केली आणि पगार रोख मागितला. बाईंनी पुढे पत्राने कळविले की तो दोन हप्त्यांत मिळाला.

सही खरी असली तरी ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. मुरानोत ती सहसा कारखान्याची असते. रेखाटन करणारा वेगळा आणि भट्टीपुढे फुंकनळी धरणारा कारागीर त्याहून वेगळा. आपल्या शेजारच्या मावळात तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तो निधी जमविला होता. तेथे शिकलेले कारागीर पुढे इतर कारखान्यांतही गेले. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलांचे नाव घरोघर झाले. पण त्यांच्या काचा फुंकणाऱ्या हातांची नावे कंदिलावर नव्हती.

वर्गात एवढे करून पहा. काचेची एक जुनी, तळ झिजलेली बरणी आणि एक नवी बरणी घ्या. शिक्षकांनी डोळ्यांना चष्मा लावून, तळ ओला ठेवून, हिरकणीने दोन्हींवर एकेक अक्षर कोरावे. मग नवी बरणी ओल्या वाळूवर शंभर वेळा सरकवावी. दोन्ही बरण्या धुवून, कोणती कशी केली हे न सांगता मुलांच्या हाती भिंग द्यावे आणि विचारावे : आधी काय, नंतर काय? उत्तराबरोबर ते कशावरून, हेही लिहून घ्यावे.