बोदवडकरांनीं विमान कोठून धरावें?

बोदवडास विमानतळ नाहीं. आहे तें रेल्वेचें स्थानक. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भुसावळ व मलकापूर यांच्या दरम्यान हें गांव वसलेलें आहे. त्यामुळें येथील कुटुंबाच्या विमानप्रवासाचा पहिला टप्पा आगगाडीनें किंवा मोटारीनेंच व्हावयाचा, आणि तो कोठवर न्यावयाचा या प्रश्नाला तिकिटाच्या किमतीइतकेंच महत्त्व येतें. विमान स्वस्त पडलें कीं महाग, हें पुष्कळदां जमिनीवरच ठरतें.

सर्वांत जवळचा विमानतळ जळगांवचा. बोदवडपासून तो सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. त्याची धांवपट्टी सुमारें १७०० मीटर लांबीची असून मोठ्या प्रवासी जेट विमानांना ती अपुरी पडते. तेथें उतरतें तें पंख्यांचें, सुमारें सत्तर आसनांचें एटीआर विमान. ही बाब केवळ यंत्रशास्त्राची नव्हे, भाड्याचीहि आहे. उड्डाणाचा खर्च थोड्या प्रवाशांवर वांटला जातो, फेऱ्या मोजक्या असतात, आणि एका मार्गावर दोन कंपन्यांची चढाओढ क्वचितच होते. हा तोटा भरून काढण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१६ मध्यें ‘उडान’ योजना आंखली. सुमारें तासाभराच्या उड्डाणास कांहीं ठराविक आसनें आरंभीं २५०० रुपयांच्या मर्यादेंत द्यावयाचीं, आणि कंपनीस येणारी तूट तीन वर्षेंपर्यंत सरकारी निधींतून भरावयाची, असा तिचा बेत. स्वस्त आसनें ठराविकच, हें मात्र जाहिरात वाचणारा बहुधा विसरतो. तीं संपलीं म्हणजे उरलेल्यांचें भाडें मागणीप्रमाणें चढतें.

जळगांवनें या योजनेचे उन्हाळे-पावसाळे पाहिले आहेत. २०१७ च्या डिसेंबरांत एअर डेक्कनचें लहानसें विमान मुंबईहून आलें. ती सेवा फार काळ टिकली नाहीं. २०१९ मध्यें ट्रूजेट आली, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत त्या कंपनीचीं सर्वच उड्डाणें थांबलीं. पुढें २०२४ च्या एप्रिलांत फ्लाय-९१ या कंपनीनें गोवा व हैदराबाद येथें जाणारीं विमानें सुरू केलीं, पाठोपाठ पुण्याचें केलें, आणि जूनमध्यें अलायन्स एअरनें मुंबईचें. त्यामुळें जळगांवचें विमान भुसावळच्या आगगाडीसारखें गृहीत धरणें शहाणपणाचें नाहीं. विमानांचीं वेळापत्रकें मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. कोणत्या वारीं विमान आहे हें पाहिल्याखेरीज लग्नाची तारीख कोणीं ठरवूं नये.

दुसरा पर्याय छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा. जामनेर, पहूर, फर्दापूर या वाटेनें अजिंठ्याचा घाट चढून तेथें जावें लागतें. अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. येथील धांवपट्टी मोठ्या विमानांना पुरेशी आहे. समजा, हैदराबादेचें तिकीट जळगांवहून ४००० रुपयांस व संभाजीनगरहून ३००० रुपयांस मिळतें. मोटारीचे जळगांवपर्यंत १५०० आणि संभाजीनगरपर्यंत ४००० रुपये पडतात. एकटा प्रवासी निघाला तर जळगांवहून त्याचे ५५०० होतात आणि संभाजीनगरहून ७०००. तेच चौघे निघाले तर जळगांवहून १७५०० आणि संभाजीनगरहून १६०००. मोटारीचें भाडें वांटलें जातें, तिकिटाचें वांटलें जात नाहीं. म्हणून एकट्याला योग्य असलेला विमानतळ कुटुंबाला योग्य असेलच असें नाहीं. तरुण एस. टी. नें गेला तर हिशेब पुन्हां पालटतो. आणि घाटाचा रस्ता पहांटेच्या अंधारांत कापावयाचा असेल, तर वांचलेले दीड हजार रुपये वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीनें वांचलेच नाहींत.

जेथें उतरावयाचें तेथेंहि अशीच निवड असते. गोव्यांत विमानतळ दोन आहेत. दाबोळीचा जुना, वास्कोजवळचा. आणि मोपाचा नवा, पेडणें तालुक्यांतला, २०२३ च्या जानेवारीपासून प्रवाशांना खुला झालेला. म्हापसा, पेडणें या बाजूस जाणाऱ्यास मोपा सोयीचा; मडगांवकडे जाणाऱ्यास दाबोळी कितीतरी जवळ. तिकिटावर ‘गोवा’ एवढेंच वाचून जो मोपास उतरेल, त्यास मडगांव गांठण्यासाठीं जवळजवळ सारा गोवा उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडावा लागेल. युरोपांत तर या नांवांच्या खेळावर कंपन्यांचा व्यापार उभा राहिला. पॅरिसचें म्हणून विकलें जाणारें स्वस्त तिकीट पुष्कळदां बोव्हे येथें उतरवितें, आणि तेथून पॅरिस सुमारें ८५ किलोमीटर. हान येथील विमानतळास फ्रँकफुर्टचें नांव दिलेलें, पण शहर सुमारें १२० किलोमीटर दूर. तिकडे शिकावयास गेलेल्या मुलानें आईवडिलांसाठीं असें तिकीट काढतांना शहराचें नांव न पाहतां विमानतळाचें पाहावें.

आणि खरी जोखीम आहे ती याच प्रवाशांची. मुलगी जर्मनीस निघाली आहे. मुंबईहून मध्यरात्रीनंतर विमान. आणि घरच्यांना वाटतें, जळगांवहून संध्याकाळचें विमान मिळालें तर रात्रीची आगगाडी टळेल. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर पहिलें विमान चुकल्यास पुढची सोय करण्याचें काम कंपनीकडे येतें. दोन तिकिटें निरनिराळीं काढलेलीं असतील, तर दुसरें विमान कोणाची वाट पाहत नाहीं. जळगांवचें विमान रद्द झाल्यास त्याचे पैसे परत मिळतात. पण पावसाळी हवेमुळें तें रद्द झालें असेल तर नुकसानभरपाई नियमांत बसत नाहीं, आणि परदेशच्या तिकिटाचे लाख रुपये, विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख, यांची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. अशा वेळीं आदल्या दिवशीं आगगाडीनें मुंबई गांठून तेथें एक रात्र काढणें, हाच स्वस्त मार्ग. भुसावळला विमानतळ नसला तरी गाड्या पुष्कळ आहेत. एक चुकली तर दुसरी मिळते. शिवाय देशांतल्या स्वस्त तिकिटावर साधारणतः १५ किलो सामान नेतां येतें, परदेशच्या तिकिटावर बहुधा त्याहून अधिक. पापड, बिबड्या आणि शेवयांचे डबे आगगाडींत कोणी तोलून पाहत नाहीं.

मात्र मुंबईतहि आतां विमानतळ दोन झाले आहेत. सहार-सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाखेरीज पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरांत सुरू झाला. आगगाडीनें येणाऱ्यानें तिकीट पाहूनच उतरण्याचें स्थानक ठरवावें: नवी मुंबईसाठीं कल्याण किंवा ठाणें, सहारसाठीं दादर. परतीच्या वेळीं तर हें अधिकच पाहावें, कारण पहांटे उतरलेल्या थकल्या माणसास भुसावळकडची सकाळची गाडी कोठून मिळेल, हें विमानाचें तिकीट काढतांनाच ठरून गेलेलें असतें.