५० वजा ३० म्हणजे ८,४००!

अमेरिकेतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, उभी करायच्या जागेपाशी विजेचा एक बुटका खांब असतो. त्यात ३० अँपिअरचं तीन पिनांचं आणि ५० अँपिअरचं चार पिनांचं सॉकेट शेजारी शेजारी दिसतं. दोन्हींतला फरक वीसचा, असंच कुणालाही वाटेल. पण ३० अँपिअरचं सॉकेट देतं ३,६०० वॉट, तर ५० अँपिअरचं तब्बल १२,००० वॉट!

ही किमया जादा पिनेची. तिथल्या ट्रान्सफॉर्मरच्या २४० व्होल्टच्या वेटोळ्यातून अगदी मध्यावर एक तार काढतात, ती न्यूट्रल. तिच्या दोन्ही बाजूंना १२०-१२० व्होल्ट मिळतात, एकमेकांच्या उलट दिशेनं हेलकावणारे. तीसच्या सॉकेटला यातली एकच बाजू मिळते, पन्नासच्या सॉकेटला दोन्ही. आणि दोन्हींकडचा भार सारखा असेल, तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. परतणारे दोन प्रवाह एकमेकांना खोडून टाकतात!

मग ही तार तुटली तर काय बिघडलं? सगळंच. दोन्ही बाजूंची उपकरणं आता २४० व्होल्टांवर एकामागोमाग एक जोडली जातात. एकीकडे १,२०० वॉटचा हीटर आणि दुसरीकडे एकूण ३०० वॉटचे साधे बल्ब असतील, तर हीटरला मिळतात जेमतेम ४८ व्होल्ट आणि बल्बना १९२. कमी वीज खाणारी उपकरणंच आधी जळतात. काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर लगेच खांबावरचा ब्रेकर बंद करा.

पन्नासची गाडी तीसच्या सॉकेटला लावायची, तर मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो. तो गाडीतल्या दोन्ही बाजू एकाच फेजला जोडतो. पिना जुळतात, ताकद मात्र ३,६०० वॉटच राहते. एसी, मायक्रोवेव्ह आणि गिझर एकदम लावले की ब्रेकर पडणारच. तो पुन्हा पुन्हा चढवण्याऐवजी भार कमी करावा. प्रवाह दुप्पट झाला की सैल जोडातली उष्णता चौपट होते, म्हणून तासाभरानं प्लगला हात लावून पाहावा. तो चटका देत असेल किंवा पिना काळवंडल्या असतील, तर तो वापरू नये.

सर्वांत मोठा धोका घरी बसवलेल्या सॉकेटचा. आरव्हीचं तीसचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण कपडे वाळवायच्या यंत्राचं तीसचं सॉकेट २४० व्होल्टचं. वायरमननं एकाला दुसरं समजून जोडलं, तर प्रत्येक उपकरणाला दुप्पट दाब बसतो.

यावर उपाय सोपा आहे. ब्रेकर बंद ठेवून आधी खांबाला सर्किट तपासणारा संरक्षक जोडा, मग ब्रेकर चालू करा. व्होल्टेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि फेजची बाजू बरोबर निघाली, तरच ब्रेकर पुन्हा बंद करून गाडी जोडा. अर्थिंग तुटलेलं असेल, तर एखाद्या बिघाडानं गाडीचा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. सुट्टीला आरव्ही भाड्यानं घेणाऱ्या आपल्या तिकडच्या मंडळींनी ही दोन मिनिटं कधीही वाचवू नयेत.