करडईचे खत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूरच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या जोडीला करडई पूर्वापार आहे. ‘भीमा’ हा करडईचा वाण इथल्याच संशोधन केंद्राचा. तरीही तिच्या खताबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत आणि त्यांची किंमत शेतकऱ्याला उत्पादनात मोजावी लागते.

गैरसमज १ : करडईला खत लागत नाही.

वस्तुस्थिती : करडईचे सोटमूळ खोलवरची ओल गाठते, म्हणून ती खताविना तग धरते. बोंडे भरायला मात्र अन्नद्रव्येच लागतात. इथल्या चुनखडीयुक्त जमिनीत पालाश सहसा पुरेसा असतो. सेंद्रिय कर्ब, नत्र आणि उपलब्ध स्फुरद कमी असतात. कोरडवाहू करडईसाठी शिफारस हेक्टरी ५० किलो नत्र व २५ किलो स्फुरदाची आहे, म्हणजे एकरी २० आणि १० किलो.

गैरसमज २ : शेणखत टाकले की पोत्यातले खत नको.

वस्तुस्थिती : एक टन शेणखतात नत्र साधारण ५ किलो असते आणि पहिल्या हंगामात त्यातले सुमारे एक तृतीयांशच पिकाला मिळते. एकरी २० किलोची गरज केवळ शेणखतातून भागवायची तर बारा टनांच्या आसपास खत लागेल. जनावरे कमी झालेल्या गावांत इतके खत आणायचे कुठून? म्हणून एकरी दोन टन चांगले कुजलेले शेणखत शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरावे आणि उरलेली गरज रासायनिक खताने भागवावी. कच्चे शेण टाळावे. त्यातून तण, हुमणी आणि वाळवी वाढते.

गैरसमज ३ : रासायनिक खताने जमीन बिघडतेच.

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षे नुसता युरिया टाकला आणि सेंद्रिय भर घातलीच नाही, तर जमिनीचा कस उतरतो. शेणखत ओल धरून ठेवते आणि दिलेले खत पिकाला नीट लागू होते. शेणखत कमी असेल तर बांधावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावावी. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रातील रब्बी ज्वारीच्या दीर्घकालीन प्रयोगांत निम्मे नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मे युरियातून देण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे.

गैरसमज ४ : तेलबियांना डीएपीच सर्वांत चांगले.

वस्तुस्थिती : तेल तयार होण्यासाठी गंधक लागते आणि डीएपीत ते जवळजवळ नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधकही मिळते. एकरी सव्वा पोते सुपर फॉस्फेट आणि जवळपास एक पोते युरिया एवढ्यात शिफारशीची मात्रा पूर्ण होते, शिवाय सुमारे ७ किलो गंधक पदरात पडते. शेणखतातून मिळणाऱ्या नत्राएवढा युरिया कमी करता येतो.

गैरसमज ५ : खत फेकले काय, पेरले काय, सारखेच.

वस्तुस्थिती : रब्बीत वरचा थर लवकर सुकतो आणि फेकलेले खत कोरड्या मातीत अडकते. दोन चाड्यांच्या पाभरीने ते पेरणीच्या वेळीच ओलीत पडले पाहिजे. जिवाणू खत मात्र रासायनिक खतात मिसळू नये. अॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू बियाण्याला चोळावेत.

करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते. त्याआधी माती तपासून घ्या, कुजलेले शेणखत रानात पोहोचवा आणि खताच्या दुकानात सुपर फॉस्फेट मागा.