गंजलेल्या मोटारीचे अंदाजपत्रक

‘गंज’ हा शब्द लातूरकरांना नवा नाही. गंजगोलाईतला गंज म्हणजे बाजारपेठ. तिथे चहूकडून रस्ते येऊन मिळतात, माल येतो, पैसा येतो. आज ज्या गंजाविषयी बोलावयाचे आहे तो निराळा आहे. तो पैसा आणीत नाही, नेतो. आणि किती नेणार हे आधी सांगत नाही. ते आधी कसे ओळखावे, एवढाच आजचा विषय आहे.

नांदेड काय आणि लातूर काय, जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची एखादी फियाट, अँबॅसॅडर किंवा जीप उभी असलेली दिसते. टायर बसलेले, एक मडगार्ड चेपलेले, वर कडब्याच्या पेंढ्या. घरातला मुलगा पुण्याहून सुटीला येतो, गाडीवरची धूळ पुसतो आणि विचारतो, “हिला पुन्हा उभी करायला किती लागतील?” कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. कर्तव्य आहे. या प्रश्नाचे खोटे उत्तर दिले गेले की मालकाचे पैसे जातात हे सर्वांना दिसते. पण त्याच्याही आधी गॅरेजमधल्या कारागिराची रोजी जाते, हे फारसे कोणाला दिसत नाही. मोटारीचे शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. मिस्त्र्यांच्या शेजारी बसून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम या गाड्या आल्या कोठून ते पाहू. हा मुलूख निझामाच्या राज्यात असताना १९३२ साली निझाम स्टेट रेल्वेच्या रस्ता-वाहतूक खात्याने २७ बसगाड्यांनिशी आपली सेवा सुरू केली. खाजगी मोटार मात्र जमीनदार, वकील, डॉक्टर अशा मोजक्या घरांतच असे. पुढे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप जोडावयास घेतली. बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ साली बंद पडली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात निघाली. म्हणजे या गाड्या आता नव्याने होणार नाहीत. आहेत त्याच राखावयाच्या.

अमेरिकेत असाच प्रकार ‘मसल कार’ नावाच्या दांडग्या मोटारींचा आहे. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवावयाचे, अशी ती रीत. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ तिची आद्य गाडी समजतात. तिथे या जुन्या गाड्यांचे मडगार्ड, दारे, तळाचे पत्रे आजही नवे करून विकले जातात. काही गाड्यांचा तर अख्खा सांगाडा नवा मिळतो. त्यामुळे तिथला मालक यादी उघडून सुट्या भागांची बेरीज करू शकतो. आपल्याकडे पद्मिनीचे दार हवे तर मुंबईच्या भंगारबाजारात दुसऱ्या पद्मिनीचे शोधावे लागते, नाही तर आपल्याच मिस्त्रीने सपाट पत्र्यावर हातोडी चालवून ते घडवावे लागते. जिथे वस्तू तयार मिळत नाही तिथे हात लागतात. म्हणून आपल्या अंदाजपत्रकात पहिले स्थान मजुरीचे आहे.

आता गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू ही दोन्ही मिळाली की गंज चढतो; मीठ मिळाले की तो धावतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले तिथे गंज कसला, असे कोणी विचारील. आपली हवा कोकणासारखी खारी नाही हे खरे. पण गाडी पावसाने गंजते त्याहून अधिक साचलेल्या ओलीने गंजते. चाकावरच्या कमानीत काळी माती अडकून बसते आणि ती पाणी धरून ठेवते. दाराच्या तळाशी पाणी निघण्यासाठी बारीक भोके असतात, ती धुळीने बुजतात. पायांखालची सतरंजी एकदा भिजली की महिनोन् महिने वाळत नाही. वर टाकलेला कडबा थंडीतले दव शोषतो. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो पत्रे फुगवून वेगळे करतो. वरून रंगाला एक फोड दिसतो आणि आत वीतभर पत्रा गेलेला असतो.

हिशेबासाठी गंजाच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली, वरवरचा गंज: घासला की खाली चकचकीत लोखंड लागते. दुसरी, खड्ड्यांचा गंज: पत्रा शाबूत आहे पण पातळ झाला आहे. तिसरी, आरपार गंज: तेथला पत्रा कापून नवा जोडण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या पायरीला तास लागत असतील तर तिसरीला दिवस लागतात.

गंज कोठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. जीपला खाली स्वतंत्र चासी असते आणि वरचा डबा तिच्यावर बोल्टांनी बसवलेला असतो. डबा सडला तरी उचलून बाजूला ठेवता येतो. पद्मिनीला तशी चासी नाही. तिचा तळ, दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा कणा होतो. मडगार्ड सडले तर सौंदर्य गेले. दाराखालची पट्टी सडली तर कणा गेला. हा फरक न कळता केलेले अंदाजपत्रक कागदाच्या किमतीचेही नसते.

तेव्हा आकडा सांगण्यापूर्वी एक दिवस तपासणीस द्यावा, आणि त्या दिवसाची रोजी मालकाने द्यावी. डॉक्टरला तपासणीची फी देणारे आपण, मिस्त्रीची नजर मात्र फुकट मागतो. तपासणीची साधने घरगुती आहेत. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे. सतरंजी उचलून तळावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोकाने दाबून पाहावे. सांगाड्याखाली बेताने जॅक लावून गाडी किंचित उचलावी. दार आणि खांब यांमधली फट बदलली किंवा दार अडकू लागले तर कणा दुबळा आहे.

गाडीला कधी अपघात झाला असेल तर ओळंबा घ्यावा. गाडीच्या तळावरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या खुणांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने ठिपके काढावेत आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे असतील तर सांगाडा सरळ. नसतील तर गाडी पिळलेली आहे आणि रंगाची गोष्ट पुढची आहे. इंजिन जाम असेल तर लगेच जोर करू नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे, मग हाताने फिरवून पाहावे. शेवटी चासी व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. कागद नसतील तर काम तिथेच थांबवून आधी परिवहन कार्यालयाची वाट धरावी.

आता प्रत्यक्ष आकडेमोड. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालावेत. रीत तेवढी ध्यानात ठेवावी. समजा, तिसऱ्या पायरीचा गंज लागलेली, एका बाजूने चेपलेली पद्मिनी आहे. एक मिस्त्री आणि एक हेल्पर मिळून दिवसाची मजुरी १,८०० रुपये धरली. गाडी सुटी करणे ६ दिवस, घासणे व जुना रंग काढणे १२, पत्राकाम ३०, प्रायमर, लांबी व रंग २०, इंजिन व गिअर ८, ब्रेक, स्प्रिंगा व स्टिअरिंग ७, वायरिंग ५, काचा व गाद्या ६, जोडणी व चाचणी ६. एकूण दिवस १००, मजुरी १,८०,००० रुपये.

सामान पुढीलप्रमाणे: पत्रा व वेल्डिंग १५,०००, रंगसाहित्य ३०,०००, इंजिनचे भाग व बाहेरचे लेथकाम ३५,०००, ब्रेक, स्प्रिंगा, टायर ४०,०००, वायर व बॅटरी १५,०००, काच, रबर, गादीचे कापड २५,०००, भाग शोधण्याचा प्रवास व वाहतूक १०,०००. एकूण १,७०,००० रुपये. दोन्ही मिळून ३,५०,०००. यावर गॅरेजचे भाडे, वीज, हत्यारांची झीज यांसाठी दहा टक्के म्हणजे ३५,०००, झाले ३,८५,०००. आणि न दिसलेल्या गंजासाठी वीस टक्के राखीव म्हणजे ७७,०००. अखेरचा आकडा ४,६२,००० रुपये. विमा व सरकारी शुल्क याबाहेर.

या हिशेबात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. रंग ही मालकाला दिसणारी गोष्ट. पण घासणे आणि पत्राकाम मिळून ४२ दिवस गेले ते रंगाखाली झाकले जाणार आहेत. जे काम झाकले जाते त्याचे मोल द्यावयास माणूस कचरतो. दुसरी गोष्ट राखीव रकमेची. ती मिस्त्रीचा नफा नव्हे. पत्रा कापल्यावर आत काय निघेल याची ती तरतूद आहे. काही निघाले नाही तर ती मालकाकडेच राहते.

नेहमीचा व्यवहार मात्र असा होत नाही. आपल्या मराठवाड्यात ज्याला गुत्तं म्हणतात त्या पद्धतीने आकडा ठरतो. मालक म्हणतो, “दोन लाखांत करतोस का?” काम हातचे जाईल या धास्तीने मिस्त्री म्हणतो, “करतो, भाऊ.” पंधराव्या दिवशी सतरंजीखालचा तळ हाताला लागतो आणि हिशेब कोसळतो. मग मिस्त्रीपुढे दोनच वाटा उरतात. एक, उरलेले दिवस अर्धपोटी राबणे आणि आधी हेल्पर पोराची रोजी तोडणे. दुसरी, सडलेल्या पट्टीवर पातळ पत्र्याचे ठिगळ चिकटवून वर लांबी ओढणे. अशी ठिगळे आम्ही उकललेली पाहिली आहेत. वरून आरसा, आत भुगा. अशी गाडी नांदेड-लातूर रस्त्यावर एखाद्या ट्रकला घासली तर तो कणा माणसाला वाचविणार नाही. लोक म्हणतात मिस्त्री लबाड निघाला. आम्ही म्हणतो, लबाडी आकडा ठरला त्याच दिवशी झाली, आणि तिच्यावर दोघांनी सह्या केल्या.

यावर उपाय अवघड नाही. अंदाजपत्रक एकदम सगळे न करता टप्प्यांनी करावे. पहिला टप्पा तपासणी, दुसरा गाडी सुटी करून घासणे, तिसरा पत्राकाम, चौथा रंग व जोडणी. घासून झाल्यावर मालकाला बोलावून उघडे लोखंड दाखवावे, छायाचित्रे काढावीत आणि तेव्हाच पत्राकामाचा आकडा कागदावर लिहावा. दर आठवड्याला झालेल्या दिवसांची मजुरी चुकती करावी. परवडत नसेल तर दुसऱ्या टप्प्यानंतर थांबण्याची मालकाला मोकळीक असावी; प्रायमर मारून झाकून ठेवलेली गाडी पुढच्या वर्षाची वाट पाहू शकते.

अंदाजपत्रकात आणखी एक रकाना असावा, तो बहुधा कोणीच धरीत नाही. जुन्या रंगात शिसे असते, जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असते. कोरडे घासले की ते फुप्फुसात जाते. रिकाम्या पेट्रोल टाकीत वाफ उरते; ती नीट न धुता वेल्डिंग केले तर टाकीचा बाँब होतो. नव्या दोन-डबी रंगांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. मुखवटे, हातमोजे, हवा खेचणारा पंखा यांचा खर्च हजारांत आहे, तो लाखांत नाही. गाडी नवी करताना माणूस जुना होऊ नये.

आता मालकाचा अखेरचा प्रश्न: इतका खर्च करून गाडीला किंमत किती येईल? बहुतेक साध्या पद्मिनींना खर्चाइतकी येणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी २०२१ सालापासून ‘विंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम आहेत. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण ती गाडी मिरवणुकीची, प्रदर्शनाची. रोजच्या वापराची किंवा भाड्याची नव्हे. म्हणजे हा व्यापार नाही, आठवण राखण्याचा खर्च आहे. तो करण्यात गैर काही नाही. फक्त तो आपल्या ऐपतीने करावा, कारागिराच्या पोटातून करू नये.

अंदाजपत्रक म्हणजे भविष्य नव्हे. न दिसणाऱ्या गोष्टीचा भार कोणी उचलावयाचा, याचा तो आगाऊ करार आहे. गाडी मालकाची, तेव्हा तिच्या पोटातला गंजही मालकाचा. मिस्त्रीचे आहेत ते हात आणि दिवस. हे एकदा दोघांनी मान्य केले की आकडा मोठा झाला तरी भांडण होत नाही, आणि रंगाखाली लपविण्यासारखे काही उरत नाही.