सहाशे घोडे, एक रबरी पट्टा

इंजिनाच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं की आत तो दिसतो. काळा, दीड-दोन बोटं रुंद, आतून दातेरी. टायमिंग बेल्ट. हातात घेतला तर वाटतं, हा तर पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा धाकटा भाऊ! पण गिरणीचा पट्टा घसरला तर दळण जरा उशिरा मिळतं, एवढंच. हा घसरला तर?

निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६ हे इंजिन घ्या. १९८९ साली जपानच्या रस्त्यावर आलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह. खाली पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, आणि त्यांना एका तालात बांधणारा हा पट्टा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची बरोबर एक फेरी व्हायला हवी. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सहासष्ट वेळा उघडतो आणि मिटतो. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत निदान सहा वेळा!

आणि पट्ट्याचा वेग? समजा, खालच्या पुलीला २४ दात आहेत आणि दोन दातांतलं अंतर साडेनऊ मिलिमीटर. म्हणजे एका फेरीत पट्टा २२८ मिलिमीटर सरकतो. आठ हजार फेऱ्यांचा हिशेब मांडला तर ताशी जवळजवळ ११० किलोमीटर. गाडी जागेवर उभी असली तरी झाकणाआड हा एक्स्प्रेसवेवर निघालेला असतो.

त्यात एक दात, फक्त एकच, सरकला तर क्रँकचा ताल पंधरा अंशांनी चुकतो. आणखी काही दात सरकले किंवा पट्टा तुटलाच, तर वर येणाऱ्या पिस्टनला उघडा व्हॉल्व्ह आडवा येतो. धातूवर धातू आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. मेकॅनिक खिन्नपणे मान हलवतो आणि मग बिलाचा आकडा सांगतो.

आता खरी गंमत. कारखान्यातून हे इंजिन कागदोपत्री २८० अश्वशक्तीचं निघालं. हौशी मंडळी मोठे टर्बो लावून त्यातून सहाशे काढतात. मग पट्टाही दुप्पट मजबूत हवा, नाही का?

नाही! ते घोडे पट्ट्यावरून जातच नाहीत. पिस्टनचा जोर क्रँकच्या मागच्या टोकाने क्लचकडे, गिअरबॉक्सकडे आणि चाकांकडे जातो. पट्टा बसलेला असतो पुढच्या टोकाला. साखर कारखान्यातून साखरेचे ट्रक दुपटीने निघाले म्हणून भोंगा वाजवणाऱ्याला काही दुप्पट जोर लावावा लागत नाही.

मग पट्ट्याला दमवतं कोण? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. व्हॉल्व्ह वेळेत मिटवायचं काम त्यांचं, आणि वेग वाढला की त्यांना लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या आठ हजारांवरून नऊ हजारांवर नेल्या, म्हणजे जेमतेम साडेबारा टक्के, की जोर सुमारे सत्तावीस टक्के जास्त लागतो. म्हणून स्प्रिंगा कडक बसवतात, कॅमही जास्त उंचवट्याचे. तो सगळा भार पट्ट्याच्या दातांवर येतो.

तोही सरळपणे नाही. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह दाबतो तेव्हा स्प्रिंग विरोध करते आणि पट्टा ताणला जातो. उंचवटा पार झाला की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि पट्टा सैलावतो. शिवाय प्रत्येक स्फोटागणिक क्रँकही हिसके देतच असतो. पतंग उडवणाऱ्याची खेच आणि ढील आठवा, ती सेकंदाला शेकडो वेळा!

म्हणजे पट्टा तुटू नये ही झाली निम्मी गोष्ट. तो लांबू नये, हे जास्त अवघड. ते कोण सांभाळतं? रबर? रबर तर नुसतं अंग. आत लांबीभर दोऱ्या असतात, बहुतेक पट्ट्यांत चक्क काचेच्या! केसाहून कितीतरी बारीक तंतू पिळून केलेल्या. खिडकीत तडकणारी काच तंतू झाली की ताणाला पोलादासारखी उभी राहते. काही पट्ट्यांत तिच्या जागी ॲरामिड असतं, म्हणजे १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या केव्हलारच्या कुळातला धागा. रबरही बदललं. जुनं निओप्रीन उष्णतेने चिरायचं, आता हायड्रोजन जोडलेलं नायट्राइल रबर वापरतात, ते बराच जास्त ताप सोसतं. दातांवर नायलॉनचं कापड.

एवढी सगळी करामत, आणि मूळ कल्पना कुठली? शिवणयंत्राची! सुई आणि खालची बॉबिन एका तालात चालावी म्हणून १९४०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस यांनी दातेरी पट्टा काढला. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारीत तो प्रथम आला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीच्या एका छोट्या कंपनीच्या गाडीत. कंपनीचं नाव, योगायोग बघा, ग्लास.

तर पट्टा निवडताना मी आधी विचारेन: फेऱ्या वाढवल्या का? स्प्रिंगा बदलल्या का? नुसता टर्बोचा दाब वाढवला असेल, तर चांगल्या प्रतीचा नवा मूळ पट्टा पुरेल, पण पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारा आयडलर, या दोन चाकांचे जोडही नवे हवेत. कारण बेअरिंग अडकून पट्ट्याचा घात करणारे बहुधा हेच. स्प्रिंगा कडक असतील तर मात्र जादा दोऱ्यांचा रेसिंगचा पट्टा घ्यावाच. निळ्या रंगाचे मिळतात, झकास दिसतात. काही जण तर तो दिसावा म्हणून झाकणच पारदर्शक बसवतात! पण मजबूत आहे म्हणून जास्त आवळला तर तो बेअरिंग खातो.

आणि नवा पट्टा हातात आला की त्याची घडी घालू नका, पिळू नका. आतली काच मोडेल आणि बाहेरून सुरकुतीही दिसणार नाही.

बसवून झाल्यावर जाणता मेकॅनिक लगेच चावी फिरवत नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावतो आणि हाताने सावकाश दोन फेऱ्या फिरवतो. खाली दोन, म्हणजे वर एक. कुठे अडतंय का, याचा हाताला अंदाज घेत. मग वाकून बघतो, तिन्ही पुल्यांवरच्या खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्यात का.