शेरखानचा आवाज

रुडयार्ड किपलिंगच्या मोगलीवर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली जी ५२ भागांची मालिका काढली, तिच्या चित्रांविषयी मला फारशी चिंता वाटत नाही, कारण ती ज्यांची मिळकत आहे ते तिची निगा राखण्यास समर्थ आहेत. चिंता वाटते ती दूरदर्शनने नव्वदच्या दशकात ऐकविलेल्या हिंदी ध्वनीची, ज्यात शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरत असे आणि ज्याचे शीर्षकगीत गुलजारांनी लिहून विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केले होते. हा ध्वनी ज्या डीव्हीडी संकलनांत सापडण्याचा संभव असतो, त्यांचा शोध मी जालावरील जुन्या मालाच्या बाजारात घेत असतो.

तेथे विक्रेत्याचे वर्णन बहुधा ‘मोगली कार्टून, चालू स्थितीत’ एवढ्यावरच आटोपते. म्हणून दराची घासाघीस करण्यापूर्वी मी वेष्टनाच्या पाठीचे छायाचित्र मागवितो. त्यावरील भाषेच्या उल्लेखावरून आणि भागांच्या संख्येवरून पुष्कळ उलगडा होतो: ४.७ जीबीच्या एकपदरी चकतीत बऱ्या दर्जाचे चित्रण सुमारे दोन तासांचेच मावते, तेव्हा तीत वीस भाग कोंबल्याची फुशारकी जेथे छापलेली असेल, तेथे वाघाचे पट्टे चौकोनी ठिकऱ्यांत विरघळलेले आढळणार, हे आधीच गृहीत धरावे. कित्येकदा तर डीव्हीडीच्या डबीतून व्हीसीडीच निघते.

चकती हाती आली की मी ती खिडकीशी तिरपी धरून पाहतो. मध्यापासून काठाकडे गेलेला ओरखडा दिसावयास भीषण, पण परिणामाने सौम्य असतो, कारण तो माहितीच्या प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो. वेढ्यांना समांतर गेलेला बारीक ओरखडा मात्र सलग माहिती खाऊन टाकतो, आणि म्हणूनच फडके नेहमी मध्यापासून काठाकडे सरळ फिरवावे, गोल गोल नव्हे. पुढचे काम डीडीरेस्क्यू नावाच्या आज्ञावलीचे: ती सुखाने वाचता येणारे २०४८ बाइटांचे खंड प्रथम उतरवून घेते, अडलेल्यांची निराळ्या फाइलीत नोंद ठेवते, आणि मग त्या थकबाकीदारांकडे वसुली कारकुनाच्या चिकाटीने पुनःपुन्हा फेऱ्या घालते. एका ड्राइव्हने नाकारलेला खंड दुसरा ड्राइव्ह निमूट वाचून देतो, हाही नित्याचा अनुभव.

इतके झाल्यावर पुष्कळजण भाग तेवढे काढून, आकाराने लहान करून ठेवतात व चकती रद्दीत टाकतात. ही घाई मला सर्वथा अमान्य आहे. संकलनकर्त्याने कोणते भाग निवडले, कोणत्या क्रमाने लावले, शीर्षकगीत प्रत्येक भागाच्या आरंभी ठेवले की एकदाच वाजवून पुढे कापून टाकले, ही सारी त्या प्रकाशनाची साक्ष आहे, आणि ती मेनूसकट उतरविलेल्या अखंड आयएसओ नकलेतच शाबूत राहते. तिच्यासोबत एसएचए-१ पद्धतीचा पडताळणीचा अंक नोंदवून ठेवला, की पुढे एक बाइट जरी बिघडला तरी तो उघडकीस येतो.

ही नक्कल मात्र मी जालावर खुली करीत नाही. भारतीय कायद्यान्वये चित्रपटकृतीवरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि १९८९ च्या कृतीची ती मुदत सरण्यास अजून पुष्कळ अवधी आहे. मी खुला करतो तो केवळ तपशील: भाषा, भागांची यादी, वेष्टनावरील मजकूर, आणि कोणत्या भागातील कोणती मिनिटे वाचता आली नाहीत. हा शेवटचा रकाना मी सर्वांत काळजीने भरतो, कारण त्याच संकलनाची दुसरी प्रत ज्याच्या कपाटात असेल, त्याला नेमके काय तपासून पाहावयाचे ते त्यावरूनच कळते.